अर्धा हललेला नंबर

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी धाकटी परीक्षेचा धडा मोठ्याने वाचत होती. मी मध्येच तिची एक चूक सुधारली. "आजी, तुला डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन कसं माहीत?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, "माझी नोकरीच ती होती." तुम्ही सगळे हसलात. आजी टेलिफोन ऑफिसात होती म्हणजे कानाला हेडफोन लावून "कुठला नंबर हवाय?" असं विचारत बसायची, एवढंच तुमच्या डोक्यात आहे.

खरं काय होतं ते मी तेव्हाच सांगितलं असतं. पण ते सांगायचं तर एका बाईंची गोष्ट सांगावी लागते. त्या जिवंत असेपर्यंत ती कुणालाही सांगायची नाही असं मी ठरवलं होतं. मागच्या श्रावणात त्या गेल्या. माझ्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा दिसतंय तोवर क्रमाने लिहून काढते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. टेलिफोनचा नंबर वायरीत नसतो आणि घरातल्या इन्स्ट्रुमेंटमध्येही नसतो. तो एक्स्चेंजमधल्या एका तक्त्यात असतो. हा नंबर कुणी लावला तर घंटी कुठल्या वायरीवर पाठवायची, एवढंच त्या तक्त्यात लिहिलेलं असतं. एखाद्याने घर बदललं की पाच कामं करावी लागत. नव्या घरापर्यंत वायर न्यायची, ती वायर एक्स्चेंजमध्ये जिवंत करायची, तक्त्यात नंबरची दिशा फिरवायची, जुनी वायर मेली करायची आणि जुन्या घरातलं इन्स्ट्रुमेंट उचलून आणायचं. ही कामं वेगवेगळी माणसं करत. चार झाली आणि एक राहिलं की नंबर मधल्या मध्ये लटकायचा. असे लटकलेले नंबर आमच्याकडे कपाटभर होते.

मी इंग्रजी माध्यमातून गणित शिकलेली म्हणून खात्याने मला कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे जे शिकवलं ते माझ्या स्वभावाला फार मानवलं. अनेक पायऱ्यांचं काम एकतर सगळं होईल, नाहीतर त्यातलं काहीच होणार नाही. प्रत्येक पायरीच्या आधी पूर्वी काय होतं ते लिहून ठेवायचं. मध्ये अडकलं तर त्या नोंदींवरून उलटं चालत मूळ जागी परत यायचं. सगळं पार पडलं की शेवटी एकदाच शिक्का मारायचा. तुम्ही ज्याला कमिट म्हणता तो हा शिक्का, आणि उलटं चालणं म्हणजे रोलबॅक. मी परत येऊन हेच टेलिफोन जोडण्यांना लावलं. पाचही कामं मिळून एक ट्रान्झॅक्शन. ते सुरू असताना त्या नंबरला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. शिक्क्याच्या बटणाला मी नाव दिलं 'पूर्ण'. ते बटण फक्त माझ्या टेबलावर होतं. ते दाबलं की जुन्या नोंदी पुसल्या जात, कारण मग परत जायची गरजच नसते.

वर्षभर हे चोख चाललं. साहेबांनी दोन ऑफिसांतल्या लोकांना बोलावून माझी पद्धत दाखवली. त्यानंतर मावशी आल्या.

मावशी मूळच्या पैठणच्या. तिथे पैठणी विणणाऱ्या मागवाल्यांकडे रेशमाच्या कांड्या भरायच्या, नवरा गेल्यावर शहरात येऊन साड्यांना फॉल-पिको करायच्या. जुन्या शहरात दोन खोल्यांत भाड्याने राहत. आता थकल्या होत्या म्हणून गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत भावाजवळ राहायला जाणार होत्या. फोन तिकडे न्यायचा होता, पण नंबर तोच हवा होता. इतक्या लांब तोच नंबर नेण्याची सोय आमच्याकडे नुकतीच आली होती.

"तोच नंबर कशाला हवा?" मी विचारलं. फॉर्ममध्ये कारणाचा रकाना होता.

"ताई, पोराला ह्योच ठावं हाय."

चार वर्षांपूर्वी त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा क्रांती चौकातून दोऱ्याची रिळं आणायला गेला. जाताना दारातून "आलोच" म्हणाला. आला नाही. पोलिसात कळवून झालं, पैठणला, नात्यात, सगळीकडे शोधून झालं. मग पाच-सहा महिन्यांनी एका गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडे कुणी बोलेना. नुसता श्वास. तेव्हापासून दर गुरुवारी त्याच वेळी.

"तो बोलत नाय. मी बोलते. काय रांधलं, नळाला पानी आलं का, कुनाचं लगीन ठरलं. दहा मिन्टं ऐकतो अन् ठेवतो."

"तोच आहे हे कशावरून?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं आणि पुढचं विचारलं नाही.

काम आमच्या सर्वांत जुन्या लाइनमनकडे दिलं. सगळं ऑफिस त्यांना चाचा म्हणायचं. खांबावर चढून नुसत्या बोटांनी वायर ओळखणारा माणूस. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्यांनी मला कळवलं, "झालं मॅडम. हो गया समझो."

आणि मी 'पूर्ण' दाबलं.

मुलांनो, तुम्ही तिकडे परदेशात वाढलात, म्हणून हे तुम्हाला सांगायलाच हवं. आपल्याकडे 'आलो' असं म्हणणारा माणूस अजून अंथरुणातच असतो. 'निघालो' म्हणणारा चपला शोधत असतो. 'झालं' म्हणणाऱ्या बाईची कणीकसुद्धा मळून झालेली नसते. कुणी खोटं बोलत नसतं आणि ऐकणाराही फसत नाही. त्यातला भूतकाळ म्हणजे दिलासा असतो. मी त्याच भाषेत जन्मले आणि त्याच भाषेत जेवण वाढते. तरी ऑफिसात बसून मी तो शब्द इंग्रजीतल्यासारखा ऐकला आणि त्यावर शिक्का मारला.

चाचांनी नवी वायर नेली होती आणि ती जिवंतही झाली होती. जुन्या घराला मात्र कुलूप होतं. घरमालक लासूर स्टेशनला बाजारात माल घेऊन गेले होते. सोमवारी इन्स्ट्रुमेंट आणू, तेव्हाच बाकीचं सांगू, असा चाचांचा हिशेब. तोवर तक्त्यातला नंबर जुन्याच घराकडे होता. सोमवारी त्यांना दुसऱ्या कामाला पाठवलं गेलं. माझ्या यादीत ते काम उरलंच नव्हतं, त्यामुळे आठवण करून देणारंही कुणी नव्हतं.

तीन आठवड्यांनी, गुरुवारीच सकाळी, मावशी माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, फोन जिता हाय, पर माझा नाय."

"म्हणजे?"

"मी लावते तर लागतो. मला मातुर कुनाचा येत नाय. तीन गुरवार झाले."

मी तिथूनच त्यांचा नंबर लावला. माझ्या कानात घंटी वाजू लागली. दुसऱ्या फोनवरून त्यांच्या भावाच्या स्वतःच्या नंबरवर फोन करून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "नाही हो, इथं काहीच वाजत नाही." माझ्या उजव्या कानात घंटी वाजतच होती. मी रिसीव्हर ठेवून दिला. पण ठेवताना मनात आलं, मी आत्ता वाजवली ती कुठे वाजली?

मी मावशींना घरी पाठवलं. "तुम्ही नव्या घरी फोनजवळ बसा, दुपारपर्यंत मी सुरू करते." तेही चुकलंच. मग चाचांना बोलावलं. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं.

"मॅडम, मैं बोला था ना, हो गया समझो. समझो बोला था."

आम्ही दोघं जुन्या घरी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. उन्हाने गल्ली ओस पडली होती. किल्ली घरमालकांनी आता शेजारच्या बाईंकडे ठेवली होती. त्या पदराने घाम पुसत म्हणाल्या, "बरं झालं आलात. आत फोन वाजतो. आज सकाळी वाजला, ते सोडा. पण दर गुरुवारी दुपारी वाजतो. आमची सून मोजते. बारा वेळा वाजतो अन् थांबतो. मागच्या वेळी मात्र तीनदाच वाजला."

"तीनदा वाजून कट झाला असेल."

"कट झाला तर झाला," त्या म्हणाल्या. "आम्हाला उचलल्यासारखा वाटला."

त्या आत आल्या नाहीत.

दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. शिलाई मशीन होतं तिथे फरशीवर चार खुणा, भिंतीवर कॅलेंडरची फिकट चौकट. देवळीत इन्स्ट्रुमेंट. सगळीकडे तीन आठवड्यांची धूळ होती. इन्स्ट्रुमेंटवरही होती. मी मुद्दाम वाकून बघितलं आणि रिसीव्हरवर बोटांची खूण नाही हे पाहून मला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच मग लाज वाटली.

चाचा स्क्रू काढायला पुढे झाले. तेवढ्यात तो वाजला.

रिकाम्या खोलीत घंटी किती मोठी वाजते याची तुम्हाला कल्पना नाही. आता तुमचे फोन खिशात थरथरतात. चाचा मागे सरकले. "उठाव ना मॅडम," ते कुजबुजले. मी उचलला.

पलीकडे श्वास होता. मी बोलले नाही. बोलले असते तर परका आवाज ऐकून त्याने ठेवला असता, आणि पुन्हा कधी केला नसता. ठेवून दिला असता तरी तेच. मी गप्प उभी राहिले. तोही गप्प. असा किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग, बहुधा इकडची शांतता त्याला सहन झाली नसावी, एक बारीक आवाज आला.

"आई?"

मी सगळं एका दमात सांगितलं. "आई बऱ्या आहेत. चूक आमची आहे. पुढच्या गुरुवारी याच वेळी, याच नंबरवर करा. त्याच उचलतील." पलीकडून खुट्ट असा आवाज झाला.

संध्याकाळी मी स्वतः मावशींच्या नव्या घरी गेले. त्या तेव्हाही फोनपाशीच बसलेल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, तो बोलला. आई म्हणाला."

त्यांच्या हातातली सुई थांबली. "आई म्हनला?"

"हो. स्पष्ट."

"माझं पोर मला माय म्हनतं, ताई. आई कंधीच म्हनलं नाय." थोड्या वेळाने त्यांनीच पुढे जोडलं, "शहरात ऱ्हात असंल. तिथं आई म्हनत असतील." पण सुई लवकर हलली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला सांगितलं, "मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे. तक्त्यात नंबर फिरवा, विषय संपला." एरवी मीही तेच केलं असतं. पण त्याच आठवड्यात तो सगळा तक्ता नव्या यंत्रात उतरवून घेणं सुरू होतं. त्या दिवसांत केलेला बदल पलीकडे पोचेल की नाही याची खात्री कुणीच देत नव्हतं. नाही पोचला तर नंबर दोन्ही घरांतून जाणार, आणि गुरुवार माझ्यासाठी थांबणार नव्हता. खात्री नसेल तेव्हा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या शेवटच्या जागी परत जायचं, हा माझाच नियम होता. ती जागा म्हणजे जुनी खोली, देवळीतला फोन आणि त्याच्याजवळ बसलेल्या मावशी.

"म्हणजे त्या बाईंनाच परत नेणार?" साहेब हसले. "आपण टेलिफोन शिफ्ट करतो मॅडम, माणसं नाही."

"या कामात त्या सहावी पायरी आहेत, साहेब. मी ती लिहायला विसरले होते."

नव्या घरची वायर मेली केली. कागदावर नंबर जुन्या पत्त्यावर परत आणला. आणि आणखी एक केलं, जे मी कुणालाही न विचारता केलं. त्या नंबरवर येणारा प्रत्येक कॉल कुठल्या नंबरवरून आला ते छापून यावं, असा पहारा बसवला. मुलगा कुठे आहे ते मला मावशींना सांगता आलं असतं. ती माझी भरपाई होती.

गुरुवारी चाचांनी मावशींना रिक्षाने आणलं. अकराच्या सुमाराला ऑफिसातून एक कॉल करून फोन तपासून घेतला. मावशी गोणपाटावर भिंतीला टेकून बसल्या. त्यांनी डबा उघडला आणि आम्हा दोघांच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. चाचा उंबऱ्यात बसले.

"चाचा, आत या की," मी म्हटलं.

"नक्को मॅडम. इधरच ठीक है."

"भ्याले काय भाऊ?" मावशी म्हणाल्या.

"हौ," चाचांनी सरळ सांगितलं.

मावशी हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. दोन पस्तीसला फोन वाजला. त्यांनी तिसऱ्या घंटीला उचलला आणि काहीच विशेष नसल्यासारखं बोलू लागल्या. "हां. माय बोलतीया. आज येसर केलं, जरा तिखट झालं. मामाच्या दारात शेवगा हाय, लई शेंगा. ऐक, पुढल्या गुरवारपासून मी मामाकडं हाय, पर नंबर ह्योच. तू फकस्त लावत ऱ्हा." मग त्या ऐकत राहिल्या. मान हलवत होत्या. शेवटी रिसीव्हर ठेवून पदराने पुसला.

"काही बोलला?"

"नाय. पर ऐकलं त्यानं."

ऑफिसात परत येऊन मी पहाऱ्याचा कागद काढला. अकरा दहा: आमचा तपासणीचा कॉल, आमच्या ऑफिसचा नंबर. त्याखाली काही नव्हतं. दोन पस्तीसला त्या नंबरवर कॉल आलेला नव्हता. मी पुन्हा छापून घेतला, तोच कागद आला. आमच्या कामात, जे नोंदीत नाही ते घडलं नाही असं धरतात. ती घंटी मी ऐकली होती, चाचांनी ऐकली होती. त्या धावपळीच्या दिवसांत यंत्राची नोंद गळली असेल, हे शक्य आहे. मी साहेबांना तेच सांगितलं. मावशींना मात्र काहीच सांगितलं नाही. तुम्हाला आता कळलं असेल की मी इतकी वर्षं गप्प का राहिले.

चाचांना मी कागद दाखवला. त्यांनी तो घडी करून माझ्याच हातात दिला. "मॅडम, इसको फाइल में नक्को लगाव."

पुढच्या मंगळवारी तक्त्याचं काम आटोपल्यावर आम्ही मावशींचा फोन पुन्हा हलवला. या वेळी मावशी नव्या घरी, चाचा जुन्या घरी, एक जण तक्त्यापाशी आणि मी बटणापाशी. 'झालं' हा शब्द मी बंद करून टाकला. ज्याने जे पाहिलं ते तेवढंच सांगायचं. घंटी ऐकली. उचलला. आवाज आला. हे सगळ्या ऑफिसला महिनाभर पुरलं. चहाच्या वेळी कुणी "चहा झाला का?" विचारलं की दुसरा म्हणायचा, "मॅडम इथेच आहेत, झाला म्हणू नका. कप रिकामा दिसतोय असं सांगा." मीही हसायचे. पण 'पूर्ण' दाबताना माझं बोट पूर्वीसारखं पटकन कधीच खाली गेलं नाही.

त्या गुरुवारी तीनच्या सुमाराला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. "ताई, वाजला," मावशी म्हणाल्या आणि ठेवून दिला.

त्यानंतर मी निवृत्त झाले. मावशींकडे वर्षातून एक-दोनदा जायची, गुरुवार टाळून. त्यांनी मुलगा कुठे आहे हे कधी विचारलं नाही. मीही पुन्हा पहारा लावा असं कुणाला सांगितलं नाही. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, "ताई, तो माझा नसला तरी कुनाचा तरी हाय ना. आई म्हनून वाट बघत होता." एवढंच. मग शेंगांची भाजी वाढली.

श्रावणात त्या गेल्यावर त्यांची भाची माझ्याकडे आली. मावशींनी तिला बजावून ठेवलं होतं की नंबर बंद करायचा नाही, टेलिफोनवाल्या ताईंना द्यायचा. मी अर्ज भरला. आमच्या गल्लीतली तांब्याची वायर आता काढून टाकली आहे, त्यामुळे नंबर गेल्या महिन्यात काचेच्या तारेवरून, म्हणजे फायबरवरून आला. जोडायला आलेल्या माणसाला मी स्वतः बाहेरून फोन लावायला सांगितला आणि घंटी ऐकल्यावरच सही केली.

गुरुवारी दुपारी मी घरीच असते. आत्तापर्यंत तो तीनदा वाजला आहे. पहिल्या वेळी मी गप्प राहिले आणि पलीकडेही कुणी बोललं नाही. नंतरच्या दोन्ही वेळी मी काय रांधलं ते सांगितलं, नळाला पाणी आलं नाही तेही सांगितलं. मावशी गेल्या हे अजून माझ्याने सांगवलेलं नाही.

चाचा आता नाहीत. मावशी राहत होत्या त्या दोन खोल्या पाडून तिथे दुकानं झाली. त्या एक्स्चेंजची यंत्रं भंगारात गेली, आणि पहाऱ्याच्या कागदावरची छपाई इतकी उडाली आहे की आमचा अकरा दहाचा कॉलसुद्धा वाचता येत नाही. नंबर माझ्या नावावर आहे, आणि चालू आहे.